वजनमाप साहेबांची वाकडी गाडी

परिवहन कार्यालयाच्या मैदानात त्या पोरसवदा निरीक्षकानं माझ्या गाडीसमोर उभं राहून आधी मान कलती केली, मग दोन पावलं मागे गेला, एक डोळा मिटला आणि म्हणाला, "काका, गाडी वाकडी आहे."

यातला कुठला शब्द मला जास्त लागला ते अजून ठरलेलं नाही. गाडीला पंधरा वर्षं पूर्ण झाली म्हणून पुढच्या नोंदणीसाठी मी ती दाखवायला नेली होती. मी स्वतः वैधमापन निरीक्षक. लोक आम्हाला वजनमापवाले म्हणतात, आणि आम्ही दुकानाच्या दारात दिसलो की तराजूखालचा पुठ्ठा काढून खिशात घालतात. गेली सव्वीस वर्षं जळगाव जिल्ह्यात मी "हे वाकडं आहे, सरळ करून आणा" असं लोकांना सांगत आलोय. तेच वाक्य मिशी नीट न फुटलेल्या माणसाकडून ऐकावं लागेल असं वाटलं नव्हतं.

"वाकडी म्हणजे किती वाकडी?" मी विचारलं. "मापात सांगा."

"उजवीकडे पुढून बसलीय. दिसतंय की डोळ्यांना."

डोळ्यांना! उद्या हा माणूस दूधही डोळ्यांनीच मोजून घेईल. मी त्याला माझं ओळखपत्र दाखवलं. त्यानं ते दोन्ही बाजूंनी पाहून परत दिलं आणि म्हणाला, "सर, मग तर तुम्हाला आधीच कळायला हवं होतं." अर्जावर त्यानं लाल शाईनं 'गाडी एका बाजूस झुकलेली, दुरुस्त करून पुन्हा हजर करावी' असं लिहिलं. अक्षर चांगलं होतं, तेवढं मान्य करतो.

घरी येऊन गाडी पोर्चमध्ये लावतोय तोवर शेजारचे कन्हैयालालजी आणि समोरचे पितांबर आबा फाटकाशी हजर. कन्हैयालालजींची दाणाबाजारात पेढी आहे. नऊ वर्षांपूर्वी मी त्यांची चार वजनं बाद केली, तेव्हापासून त्यांचं माझ्यावर फार प्रेम. माझं काहीही बिघडलं की हातातला घास टाकून येतात. पितांबर आबा दीपनगरच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले. जगातल्या कुठल्याही दुखण्याचं मूळ त्यांना टर्बाइनमध्ये सापडतं. त्यांच्या सुनेची कंबर धरली तेव्हासुद्धा त्यांनी आधी बेअरिंग तपासायला सांगितलं होतं म्हणे.

आबांनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली. "ही पुढून उजवीकडे बसलेली नाही. मागून डावीकडे वर उचलली गेलीय. लोक बसलेल्याला दोष देतात, दोष वर गेलेल्याचा असतो. टर्बाइनमध्ये अस्संच होतं."

"मग मागे डावीकडे वजन ठेवा की साहेब," कन्हैयालालजी म्हणाले. "माझ्याकडे चार पडून आहेत. तुम्हीच बाद केलेली. घेऊन जा, आपल्याला कुठे वापरता येतात!"

एवढ्यात माझी बायको हेमलता चहा घेऊन बाहेर आली. हेमलता अमळनेरच्या शाळेत विज्ञान शिकवते. यंदाच्या जूनमध्ये तिची तिकडे बदली झाली, आणि वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकून ती रोज जाऊन-येऊन शंभर-सव्वाशे किलोमीटर चालवायला लागली. तिला या गोष्टीचा अभिमान होता. मलाही होता, पण तो मी फारसा बाहेर दिसू देत नसे.

ट्रे गाडीच्या बॉनेटवर ठेवत ती म्हणाली, "स्टिअरिंग पूर्ण वळवलं की उजवीकडे पुढून खट्ट वाजतं. दिवाळीपासून सांगतेय मी."

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण ज्याला नुकतंच कुणीतरी काका म्हटलंय आणि ज्याच्यापुढे त्यानंच बाद केलेली वजनं भेट म्हणून आलीयत, असा माणूस गप्प बसत नसतो. मी म्हणालो, "आवाज सगळ्याच जुन्या गाड्या करतात. पण जूनपर्यंत ही गाडी सरळ होती. जूनपासून कोण चालवतंय, हे आता तुम्हीच बघा."

'तुम्हीच बघा' हे मी शेजाऱ्यांना उद्देशून म्हटलं. ते दोघं लगेच बघायला लागले. कन्हैयालालजींनी अगदी हळूच एक बिस्कीट उचललं.

हेमलता आत गेली, पर्समधून गाडीची किल्ली काढून आणली आणि त्या ट्रेमध्ये, साखरेच्या वाटीशेजारी ठेवली. "काय मोडलंय, कधी मोडलंय आणि कुणी मोडलंय, ते तुमच्या खात्याच्या पद्धतीनं, पुराव्यानिशी, लेखी द्या," ती म्हणाली. "तोवर मी एस्टीनं जाईन."

दुसऱ्या दिवशी ती पहाटे उठली आणि पावणेसातची बस धरून गेली. रोज साडेसातला निघणारी बाई पावणेसातला निघाली की घरातलं काय काय मागे राहतं, याचा मला अंदाज नव्हता. माझा डबा, माझा दुसरा चहा, आणि गाडी बाहेर काढता काढता ती मला ज्या चार गोष्टी सांगायची त्या. आवर्जून ऐकाव्यात अशा त्या गोष्टी नसत. पण त्या बंद झाल्यावर सकाळ फार लांबलचक वाटायला लागली. तिनं अबोला वगैरे धरला नव्हता, तो बालिशपणा तिच्यात नाही. ती "जेवायला वाढलंय" म्हणायची, "गॅस संपलाय" म्हणायची. नुसतं गाडीच्या बाबतीत बोलायची नाही, आणि मला कळलं की गेले पाच महिने आमच्यात बोलायला दुसरं फारसं काही नव्हतंच.

तेव्हा मी ठरवलं, की दोष शोधायचा. जगाला मोजमाप शिकवणाऱ्या माणसाला स्वतःची गाडी मोजता येऊ नये की काय?

रविवारी मी स्टीलची टेप घेतली. अशी तशी नाही, आमच्या खात्याचा शिक्का असलेली. चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंतचं अंतर चारही चाकांवर तीन-तीनदा घेतलं, सरासरी काढली, वहीत तक्ता आखला. पितांबर आबा खुर्ची घेऊन बसले होते. आकडे आले. उजवीकडे बरंच कमी. "बघा," मी म्हणालो. मग खात्री म्हणून गाडी उलटी लावली, तोंड आत आणि शेपटी बाहेर, आणि पुन्हा मोजली. आता फरक जवळजवळ निम्मा झाला. जी गाडी कुठल्या दिशेनं उभी आहे त्यावर आपला वाकडेपणा ठरवते, तिला काय म्हणावं?

"टर्बाइनमध्ये..." आबांनी सुरुवात केली. मी टेप जोरात गुंडाळली.

हेमलता भाजी घेऊन फाटकातून आत येत होती. पायरी चढता चढता म्हणाली, "पोर्चला उतार आहे. पाणी गटारीकडे जावं म्हणून गवंड्याच्या डोक्यावर बसून तुम्हीच करून घेतला होता." आणि आत गेली. आबांनी खुर्चीवरून वाकून जमिनीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. तराजू ठेवायची जागा समतल हवी, हे वाक्य मी आयुष्यात किती लोकांना दंडासकट ऐकवलंय, याचा हिशोब नको.

मग मी मोजमापाचा नाद सोडून कारागिराकडे गेलो. महामार्गालगत भटूचं गॅरेज आहे. भटूला स्वतःच्या हुशारीची इतकी खात्री की बॉनेट उघडायच्या आधीच निदान सांगतो, आणि उघडल्यावर बदलत नाही. त्याला मी पितांबर आबांचं मत सांगितलं, हा माझा दुसरा मूर्खपणा. तो लगेच म्हणाला, "बरोबर बोलले आबा. मागची स्प्रिंगं. दोन्ही बदलून टाकू, रबरं पण टाकू, गाडी शोरूममधून निघाल्यासारखी होईल भाऊ."

त्यानं गाडी जॅकवर चढवली, चारही चाकं हवेत लोंबत ठेवली, मागच्या स्प्रिंगा बदलल्या आणि लोंबत्या चाकांवरच सगळे बोल्ट दोन्ही हातांनी आवळले. गाडी खाली आली तेव्हा मागून टाचा उंचावून उभी होती. पुढचा उजवा कोपरा होता तिथेच, उलट आता जास्तच खाली वाटायला लागला. एखादी बाई वाकून खाली पडलेलं कानातलं शोधतेय, असं काहीतरी ते दिसत होतं.

"बसेल," भटू म्हणाला. "चालवा आठ दिवस, आपोआप बसेल."

आपोआप बसतील अशा गोष्टींवर माझा विश्वास नाही. माझा विश्वास वजनावर आहे. टेप जमिनीच्या चढउताराला बळी पडते, कारागीर शेजाऱ्यांच्या मताला बळी पडतो, पण वजन खोटं बोलत नाही. गाडी काट्यावर घ्यायची, मग नुसती डावी चाकं काट्यावर, मग नुसती उजवी. कुठल्या बाजूवर किती भार येतो ते कळलं की दोषी बाजू सापडली! ही कल्पना मला स्नानगृहात सुचली आणि मी तिथेच मोठ्यानं 'हां' म्हणालो.

धरणगावच्या अलीकडे रतिलाल शेठची, कापसातली सरकी काढायची, जिनिंग मिल आहे. तिथे वजनकाटा आहे आणि तो तपासायचा अधिकार मला आहे. डिसेंबर म्हणजे कापसाचा ऐन मोसम. गेटपासून रस्त्यापर्यंत कापसानं भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली. मी अधिकारी म्हणून रांग ओलांडून माझी वाकडी गाडी थेट काट्यावर घेतली. याला पदाचा गैरवापर म्हणतात. त्या वेळी मला तो तपास वाटला.

पूर्ण गाडी भरली साडेआठशे किलो. डावी चाकं काट्यावर आणि उजवी बाहेर ठेवली, चारशे दहा. उजवी काट्यावर, डावी बाहेर, चारशे पंधरा. चारशे दहा आणि चारशे पंधरा मिळून सव्वाआठशे. म्हणजे पंचवीस किलो गायब!

आता एखाद्या साध्या माणसाला इथे शंका स्वतःची आली असती. मला काट्याची आली. सव्वीस वर्षांची नोकरी अशीच अंगात मुरते. समोर ट्रॅक्टरांची रांग, शेतकऱ्यांचा कापूस, आणि पंचवीस किलोची तफावत! मला एकदम माझं सगळं आयुष्य सार्थ झाल्यासारखं वाटलं. रतिलाल शेठ धावत आले, "साहेब, गेल्या महिन्यात तुम्हीच शिक्का मारला याच्यावर" म्हणाले. मी त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. पिशवीतून तार आणि शिसं काढलं आणि काटा तिथल्या तिथे सील केला.

रांगेतल्या पहिल्या ट्रॉलीवर, कापसाच्या ढिगावर, बेबाबाई नावाची एक म्हातारी बसली होती. तिचं नाव मला नंतर कळलं, कारण पुढे तक्रार अर्जावर पहिला अंगठा तिचाच होता. ती वरून म्हणाली, "काय करी राहिना हो भाऊ?"

"आजी, काट्यात खोट आहे. तुमच्याच भल्यासाठी बंद करतोय."

"आम्ही सकायपाईन उभा शेतस. काटा बराबर शे. हाई तुमनी गाडीच वाकडी शे, आठेन दिखी राहिनी माले." तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "सील करनंच शे ते तिले करा. काट्याले कसाले करतस?"

पहिले दोन-तीन ट्रॅक्टरवाले हसले. मग ते वाक्य मागे मागे सांगत गेले, आणि प्रत्येक ट्रॅक्टरपाशी ते पोचलं की तिथे हसू फुटायचं. रांग लांब होती. शेवटचं हसू रस्त्यावरून ऐकू आलं तेव्हा मी गाडीत बसून काच वर करत होतो.

दुसऱ्या दिवशी आमची प्रमाण वजनं लादलेला टेम्पो तिथे गेला आणि काटा तपासला. काटा बिनचूक निघाला, एका किलोचाही फरक नाही. मग माझे पंचवीस किलो गेले कुठे? तर काट्याच्या दोन्ही बाजूंची जमीन ट्रॅक्टरांनी खचवली होती. एका बाजूची चाकं काट्यावर घेतली की दुसऱ्या बाजूची खड्ड्यात जायची, गाडी तिरकी व्हायची आणि भार खालच्या बाजूला सरकायचा. डावी मोजली तेव्हा भार उजवीकडे, उजवी मोजली तेव्हा डावीकडे. थोडक्यात, माझ्या घरचा पोर्चच तिथे आला होता. वजनं उतरवणाऱ्या हमालानं हे मला समजावून सांगितलं, आणि वर "आता कळलं का साहेब?" असंही विचारलं.

एक दिवस काटा बंद, चाळीस ट्रॅक्टर रात्रभर रस्त्यावर, आणि तक्रार अर्ज सरळ वर. तीन दिवसांनी मला धुळ्याला साहेबांपुढे उभं राहायला बोलावलं.

साहेब माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान आहेत. त्यांनी मला बसायला सांगितलं नाही, फाइल वाचली आणि विचारलं, "उपकरण समतल पृष्ठभागावर असावे, हे नवीन लोकांच्या प्रशिक्षणात कोण शिकवतं?"

"मी शिकवतो, सर."

"गाडी आणलीय का आज?"

मी खिडकीतून खाली बोट दाखवलं. साहेब उठून खिडकीशी गेले. वाकून त्यांनी खाली पाहिलं. त्यांचे खांदे हलत होते असं मला वाटलं, पण पाठमोऱ्या अधिकाऱ्याबद्दल नक्की काही सांगता येत नाही. मग वळून अगदी गंभीरपणे म्हणाले, "अहो, ही दुसऱ्या मजल्यावरूनसुद्धा वाकडी दिसते. खुलासा लेखी द्या, आणि आधी तिला दाखवा कुणालातरी."

धुळ्याबाहेर अमळनेरच्या रस्त्याला लागलो आणि गाडीनं वळणावर एकदम घासल्यासारखा आवाज केला. मग खट्ट. मग पुन्हा घासणं. रस्त्याकडेला एका निंबाखाली दोन-तीन पिकअप जीपा उभ्या होत्या आणि एक माणूस त्यांच्यातल्या एकीखाली झोपलेला होता. नुसते पाय दिसत होते. मी त्या पायांना हाक मारली.

तो रुपसिंग. सातपुड्याच्या पायथ्याकडचा, शिरपूरच्याही वर कुठलासा. डोंगरातल्या वाटेवर माणसं भरून धावणाऱ्या जीपांच्या स्प्रिंगा बसवण्यात त्याचं आयुष्य गेलेलं. पाटी नाही, दुकान नाही, डोक्याला रुमाल आणि हाताशी नट-बोल्टांचे चार पाने. असल्या माणसाकडे गाडी देण्याची वेळ आली म्हणून मला अजून थोडं वाईट वाटलं. मी त्याला भटूचं निदान सांगितलं, आबांचं टर्बाइन सांगितलं, काट्यावरचे आकडेही सांगितले. त्यानं सगळं ऐकून घेतलं. गाडीकडे पाहिलंच नाही.

"कोन चालावस गाडी?" त्यानं विचारलं.

"बायको. जूनपासून रोज. म्हणजे चालवायची."

"तिले इचारं का, कोठे वाजस म्हनीसन?"

"तिनं सांगितलं होतं," मी म्हणालो. "उजवीकडे पुढून. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की खट्ट."

रुपसिंगनं माझ्याकडे पाहिलं. "मंग?"

मी गाडीचं दार उघडलं.

त्यानं मला गाडीत बसवून चाक डावीउजवीकडे फिरवायला लावलं, स्वतः पुढच्या उजव्या चाकावर हात ठेवला, दोनदा खट्ट ऐकलं आणि म्हणाला, "उतरा." चाक काढलं, स्प्रिंगचा दांडा सोडवला, आणि स्प्रिंग बाहेर काढली. वरचं वेटोळं मोडलेलं होतं. तुकडा वरच्या रबरी वाटीत अडकून बसला होता, म्हणून बाहेरून कधी दिसलाच नसता. गाडीचा तो कोपरा एका वेटोळ्यानं बुटका झाला होता, इतकं साधं होतं सगळं. एक स्प्रिंग.

मला आनंद झाला. खरं सांगतो, झाला. मोडलेली वस्तू हाती आली की मोडणाऱ्याचं नाव घालायला कितीसा वेळ लागतो! मी म्हणालो, "म्हणजे हे जूननंतरच मोडलं असणार."

रुपसिंगनं तो तुकडा फडक्यानं पुसून माझ्या तळहातावर ठेवला. "देखा ना नीट. मोडेल जागा. नवं मोडेल ऱ्हातं ते चमकतं. हाई बठ्ठी गंजी जायेल शे. दोन पावसाया खायेल शे यानी." त्यानं बोटांवर दोन पावसाळे मोजले. "दीड वरीस ते व्हई गयं."

दीड वर्षापूर्वी ही गाडी घरात फक्त एकच माणूस चालवत होता.

आणि मग मला ते आठवलं. विसरलो होतो असंही नाही. गेल्या वर्षीचा मे महिना. मी एका पेट्रोलपंपावर माप कमी पडताना पकडलं होतं आणि परतताना, आता घरी गेल्यावर हे हेमलताला कसं रंगवून सांगायचं, याची मनातल्या मनात जुळवाजुळव करत होतो. नशिराबादच्या पुढे रस्त्याचं काम चाललेलं, तिथला गतिरोधक मला दिसलाच नाही. गाडी उडाली आणि धाडकन आपटली. उतरून पाहिलं, चारही चाकं जागेवर होती. घरी येऊन पेट्रोलपंपाची गोष्ट दोन दिवस सांगितली, आणि गतिरोधकाची कुणालाच नाही. त्यानंतर दीड वर्षं गाडी माझ्या पोर्चमध्ये वाकडी उभी होती, आणि जिल्ह्यातल्या तराजूचा काटा केसभर सरकला तर ओळखणाऱ्या माणसाला ती सरळ दिसत होती. त्याच दीड वर्षातला एक अख्खा महिना मी तिचा दोष दुसऱ्याच्या अंगावर ढकलला, तोही शेजाऱ्यांसमोर, बिस्किटांच्या साक्षीनं.

लाज वाटली. यापेक्षा भारदस्त शब्द शोधायची गरज नाही.

रुपसिंगनं धुळ्याहून पुढच्या दोन्ही स्प्रिंगा मागवल्या. एक कधी बदलायची नाही म्हणाला, जोडीची जोडी. भटूनं लोंबत्या चाकांवर आवळलेले मागचे बोल्टही त्यानं सैल केले, गाडी खाली उतरवून तिच्या पायांवर उभी केली, बॉनेटवर आणि डिकीवर दाबून चार वेळा हलवली आणि मग खाली शिरून, भार चाकांवर असतानाच, पुन्हा आवळले. टाचा खाली आल्या. दुपारी तीनला गाडी सपाट रस्त्यावर उभी राहिली तेव्हा मी खिशातून टेप काढली. रुपसिंग म्हणाला, "आते कसाले?" मी टेप परत ठेवली.

तिथल्याच निंबाखाली बसून मी खात्याच्या छापील कागदावर अहवाल लिहिला. तिनं लेखी मागितला होता.

पाचच्या सुमाराला अमळनेरच्या स्टँडवर पोचलो. हेमलता चार शिक्षिकांबरोबर जळगावच्या बसपाशी उभी होती. मी गाडी लावली, सरळ लावली, आणि तिच्यापुढे जाऊन कागद दिला. तिनं चष्मा लावला. तिथे असं लिहिलं होतं: 'निरीक्षणाअंती असे आढळून आले की, सदर वाहनाच्या पुढील उजव्या स्प्रिंगचे वरचे वेटोळे मोडलेले होते. मोड जुना व गंजलेला. घटना गतवर्षी मे, नशिराबादनजीक. त्या वेळी वाहन निम्नस्वाक्षरीकार चालवीत होता. श्रीमती हेमलता यांचा या नुकसानीशी काहीही संबंध नाही. त्यांनी आवाजाबाबत वेळोवेळी तोंडी कळवूनही त्याची दखल घेण्यात आली नाही, याबद्दल निम्नस्वाक्षरीकार स्वतः जबाबदार आहे.' सोबत, पुरावा म्हणून, कागदात गुंडाळलेला तुकडा.

तिनं ते दोनदा वाचलं. तुकडा उन्हाकडे धरून पाहिला, विज्ञानाच्या बाईनं पाहावा तसा. मग कागद शेजारच्या बाईंकडे दिला. शेजारच्या बाईंनी वाचून पुढच्या बाईंकडे. पेपर तपासल्यासारखा तो चौघींतून फिरून आला.

"मी चुकलो," मी म्हणालो. कागदावर हे दोन शब्द बसत नव्हते. मग खिशातली किल्ली पुढे केली. "चल. तूच चालव."

तिनं किल्लीकडे पाहिलं. "उद्यापासून," ती म्हणाली. "आज बसनंच जाते. टाकरखेड्याच्या फाट्यावर आणखी दोघी चढतात. त्यांनी कुठे वाचलंय अजून?" आणि कागद पर्समध्ये घालून, मैत्रिणींसकट बसमध्ये चढली.

मग काय करणार? बस निघाली आणि मी तिच्या मागे. पुढे जायचा रस्ता मिळाला तरी जावंसं वाटेना. मागच्या काचेतून आधी चार डोकी वळून पाहत होती, फाट्यानंतर सहा झाली, आणि थोड्या वेळानं पुरुष माणसंही दिसायला लागली. धरणगावच्या स्टँडवर बस थांबली. कंडक्टर उतरून, तिकिटांचं मशीन सावरत, माझ्या खिडकीशी आला.

"साहेब, त्या मॅडम विचारताय, नशिराबादला त्या दिवशी गाडीत अजून कोणी होतं का? मागच्या शिटांवर दोन पार्ट्या पडल्या. एकजण म्हणे, साहेबानं ड्रायव्हर ठेवला असंन."

"नाही," मी म्हणालो. "मी एकटाच होतो."

"जरा मोठ्यानं सांगा ना, मागे ऐकू जात नाही."

मी दार उघडून खाली उतरलो. बसच्या सगळ्या खिडक्या उघड्या होत्या आणि प्रत्येकीत एक तोंड होतं. हेमलता चौथ्या खिडकीत होती, तुकडा हातात धरून.

"मी एकटाच होतो!" मी ओरडलो. "गाडी मीच मोडली!"

अख्खी बस हसली. हेमलताही हसली, तोंडावर पदर धरून, माझ्याकडे बघून. कंडक्टरनं घंटी मारली, बस सुटली, आणि मी गाडीत बसून तिच्या मागे निघालो.